मागे डिस्क ब्रेक का नाही लावले? तुम्ही विचारलंत म्हणून

गाडी कुठेही उभी केली की कोणीतरी वाकून मागच्या चाकात डोकावतं आणि विचारतं, "काऊन जी, एवढा खर्च केला, अन् मागे ड्रमच?" त्याचं उत्तर संपायच्या आत दुसरा, "बूस्टर बी नाही?" नागपूरच्या धरमपेठेत हाच प्रश्न जरा शुद्ध मराठीत येतो, एवढाच फरक. एकदाचं लिहून टाकतो.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क थ्री, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. पुढे नऊ इंची डिस्क (फिरती चकती, तिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबतात), मागे सात इंची ड्रम (फिरता डबा, त्याला लायनर आतून घासतात). कंपनीने असंच दिलं होतं आणि ते चुकून दिलं नव्हतं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात. मागे ताकदवान ब्रेक बसवला की तीच चाकं आधी जाम होणार आणि गाडी फिरणार. त्यात या मॉडेलला मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे चाक आपल्या अर्ध्या अ‍ॅक्सलसकट वरखाली झुलतं. वळणात ब्रेक दाबला की मागची बाजू उचलली जाते आणि चाक आत दुमडायला बघतं. अशा गाडीला मागे डिस्क लावा म्हणणाऱ्याने ती आधी वळणावर चालवून बघावी. शिवाय हँडब्रेक ड्रमवर चालतो, मागे डिस्क घातली की त्याचा वेगळाच संसार मांडावा लागतो.

बूस्टरबद्दल (पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र) मात्र मी एवढ्या तोऱ्यात बोलू नये. एके काळी "बूस्टरशिवाय गाडी म्हणजे वेडेपणा" असं मीच सांगत फिरायचो. पॅडल इतकं कडक होतं की पाय भरून यायचा. पण कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उघडल्यावर दिसलं की पिस्टन गंजून अडकले आहेत. चारपैकी दोनच काम करत होते. बूस्टर पायाचा जोर वाचवतो, टायरची पकड वाढवत नाही. मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) मोठा घालायचा सल्ला देणाऱ्यांनीही जरा गणित करावं. पाच-अष्टमांश इंचाचा काढून पाऊण इंची घातला तर क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं, म्हणजे तेवढ्याच ब्रेकसाठी पायाला ४४ टक्के जास्त जोर. पॅडल कमी खाली जातं, म्हणून माणसाला वाटतं ब्रेक सुधारला.

आता ज्यामुळे मी ब्रेकचं काम बाहेर देणं बंद केलं, ते सांगतो. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना पॅडल अर्धं गेलं, थांबलं आणि मग एकदम तळाला टेकलं. या गाडीला ब्रेक ऑइलचं सर्किट एकच आहे. एक जोड सुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. गाडी हँडब्रेक आणि गिअरवर थांबली, कुणाला काही झालं नाही. उजव्या पुढच्या चाकामागे ब्रेक ऑइल ठिबकत होतं.

जोड उघडला तेव्हा कारण हातातच आलं. आधीच्या एका गॅरेजने मूळ इंग्लिश होज (पाइपापासून चाकापर्यंतची लवचिक नळी) काढून आपल्याकडच्या चालू गाडीचा होज बसवला होता. पाइपाचा नट तीन-अष्टमांश इंची यूएनएफ (इंची मापाचा आटा), इंचाला २४ आटे, बाहेरचा व्यास ९.५ मिलिमीटरच्या आसपास. होजचं तोंड एम-१०, म्हणजे १० मिलिमीटरचं, एकेक मिलिमीटरवर आटा. उलट असतं, म्हणजे एम-१० नट लहान भोकात घालायचा असता, तर शिरलाच नसता आणि मिस्त्रीला कळलं असतं. पण लहान नट मोठ्या भोकात मुकाट शिरतो, पान्ह्याला आवळल्यासारखाही लागतो. नटाचे आटे फक्त टोकांवर घासून चमकत होते, बाकी सगळे कोरे. तेवढ्याशा धातूवर सगळा दाब. अंगणात पॅडल दाबून पाहिलं तर कडक लागतं, हीच फसवणूक. म्हणून आता नवा नट आधी बोटांनी पूर्ण बसतो का आणि हलवल्यावर डुगडुगतो का, ते पाहतो. डुगडुगला की तो जोड लावत नाही.

घरी केलेलं काम म्हणजे हे. पिस्टन पॅडलच्या दाबानेच बाहेर काढले. कॉम्प्रेसरची हवा लावली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो. जागी स्टेनलेस स्टीलचे पिस्टन आणि नवे सील, फक्त लाल रबर ग्रीस लावून. पेट्रोलने धुतलेलं किंवा इंजिन ऑइलचा हात लागलेलं रबर फुगतं. मागचा व्हील सिलिंडर (लायनर ढकलणारा) बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या पत्र्याच्या, खाचेत सरकायलाच हवा, तो गंजून बसला की एकच लायनर झिजतो. जुन्या लायनरची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पुढच्या चाकाच्या बेअरिंगची ढील ०.०५ ते ०.२ मिलिमीटर. त्याहून जास्त असेल तर चाक डुलून पॅड मागे ढकलतं आणि माणूस उगाच पाइपातली हवा, म्हणजे एअर, काढत बसतो.

एअर काढताना मागचे अ‍ॅडजस्टर (लायनर ड्रमजवळ आणणारे स्क्रू) पूर्ण आवळून ठेवायचे, सुरुवात सगळ्यात लांबच्या डाव्या मागच्या चाकापासून. मास्टर सिलिंडर जुना असेल तर पॅडल तळापर्यंत दाबायचं नाही. न वापरलेल्या भागातला गंज सील फाडतो. शेवटी पॅडल आणि सीटच्या मध्ये लाकूड अडकवून रात्रभर दाब ठेवायचा, प्रत्येक जोडाखाली कागद, गळती दिसावी म्हणून.

ऑइल डॉट-४. कोरं असताना २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १५५ला. नागपूरचा उन्हाळा ते बिघडवत नाही, पावसाळा बिघडवतो. म्हणून दोन वर्षांनी बदलायचं.

राहिला एक प्रश्न, जो तुम्ही कधीच विचारत नाही: दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे दोन वेगळी सर्किट, का नाही? अमेरिकेत १९६८ पासून नव्या गाड्यांना दोन सर्किट सक्तीची झाली. फुटाळ्याच्या उतारानंतर तो बसवायला हवाच होता. पण त्यासाठी बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) मूळ नसलेली भोकं पाडावी लागतात, आणि मी ड्रिल हातात घेऊन परत ठेवलंय. हा मूळपणाचा हट्ट आहे की शहाणपणा, मला ठरवता येत नाही. तोवर हँडब्रेकची केबल दर महिन्याला तपासतो.