आज्जीला तिच्या दारात सोडून आलो

साताऱ्याहून निघालेली बामणोलीची एसटी शहराबाहेर पडली, तशी आण्णांनी मांडीवरची पिशवी छातीशी धरली. आत तांब्याची लोटी होती, तोंडाला लाल फडकं बांधलेली. आज्जी गेली तेव्हा अस्थी आम्ही संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर सोडल्या होत्या. एक मूठ तेवढी मागे ठेवली, कारण तिनं वर्षानुवर्षं एकच सांगून ठेवलेलं, "मला माझ्या दारात न्या." आणि तिचं दार कोयनेच्या पाण्याखाली आहे.

मे महिना. यवतेश्वरच्या घाटात करवंदांच्या जाळ्या काळ्या झालेल्या. पावसाळ्याच्या शेवटी फुलांसाठी गर्दी होते ते कासचं पठार आता नुसता तापलेला कातळ होता. गाडी तो ओलांडून खाली उतरू लागली आणि डाव्या-उजव्या डोंगरांच्या मधोमध पाणी दिसलं. नकाशात त्याला शिवसागर म्हणतात. आज्जीच्या तोंडी हे नाव कधीच आलं नाही. ती म्हणायची, "आपल्या खाचरांवरचं पाणी."

ती ९४ वर्षं जगली. त्यातली पहिली बत्तीसेक याच खोऱ्यात. आजोबा मुंबईत गिरणीत आणि ही इथं भात लावणारी, डोंगराला नाचणी-वरी पेरणारी, चार पोरं एकटीनं वाढवणारी. १९६२च्या सुमारास धरणाचं पाणी चढू लागलं, तेव्हा आण्णा सात वर्षांचे होते. त्यांना आठवतं ते एवढंच, की निघताना आज्जीनं घर सारवून घेतलं. बुडणाऱ्या घराची जमीन! शेजारणी रडत होत्या आणि ही शेणाच्या पाट्या वाहत होती. मला तिची सगळ्यात जास्त ओळख पटते ती या एका गोष्टीत.

मग लालबागची चाळ, दहा बाय दहाची खोली. तिथं तिनं खाणावळ घातली. बारा-चौदा मेंबर, बहुतेक साताऱ्याकडचे गिरणीकामगार. पाळी सुटेल तसे जेवायला यायचे, म्हणून पहाटेपासून रात्रीपर्यंत तवा उतरायचा नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे फळीवरची भांडी थरथरली, तेव्हा ती भाकरी थापत होती. मुंबईत कुणाला काही उमगायच्या आत म्हणाली, "कोयनेकडं काहीतरी झालंय." दिवस वर आला आणि भूकंपाची बातमी पसरली.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. गिरण्या थांबल्या, मेंबरांचे पगार थांबले, खाणावळ थांबली नाही. तिनं गळ्यातली बोरमाळ मोडली. भाकरी दोनच्या जागी दीड झाली, कालवण पातळ झालं, पण ताट मांडलं जात राहिलं. एकेक करून माणसं गावी गेली, उधारी तशीच राहिली. ती वही मी पाहिलीय. तिला लिहिता येत नव्हतं, आण्णा लिहायचे. एकाही नावावर रेघ मारलेली नाही, आणि एकाच्याही दारात ती मागायला गेली नाही. तिच्या तेराव्याला काठी टेकत एक म्हातारबाबा आले. कुणालाच ओळखू येईनात. म्हणाले, "मी मावशींचा मेंबर." जेवताना पानात काही टाकलं नाही त्यांनी.

बामणोलीत लाँचवाल्या मामांना आण्णांनी गावाचं नाव सांगितलं. एवढ्या वर्षांत कुणी पर्यटकानं ते उच्चारलं नसणार. मामांनी आधी पिशवीकडं पाहिलं, मग आण्णांकडं. "कुणाला आणलंय?"

"आईला."

ते पुढं काही बोलले नाहीत. लाँच वासोट्याच्या दिशेनं निघाली. पाणी खूप खाली गेलेलं, दोन्ही काठांना तांबड्या मातीच्या पायऱ्या पडलेल्या. आण्णा नजरेनं डोंगर जुळवत होते. आज्जीनं खुणा शिकवल्या होत्या. समोरच्या धारेची खिंड आणि मागचा सुळका एका ओळीत आला की आपली वाडी. तास-पाऊण तासानं ते एकदम उभे राहिले. "हितं."

पाण्यातून एक उतार वर आलेला, आणि त्यावर जोती. दगड ढासळलेले, गाळानं भरलेले, पण घरांची जोतीच. आम्ही अनवाणी उतरलो. गाळ घोट्यापर्यंत मऊ. एका जोत्यात जमिनीत पुरलेलं उखळ दिसलं, पाण्यानं काठोकाठ भरलेलं. मी आण्णांना हाक मारली. तोवर त्यांना दुसरं सापडलं होतं, आणि पलीकडे तिसरं.

"आपलं कुठलं?" मी विचारलं.

ते बराच वेळ फिरत राहिले. कधी खिंडीकडं बघायचे, कधी पायाखाली. सात वर्षांच्या पोराला उंबऱ्याची उंची आठवते, दिशा आठवत नाही. शेवटी म्हणाले, "तिन्ही भावकीचीच. कांडायला ती तिन्ही घरी जायची."

त्यांनी फडकं सोडलं आणि मूठभर अस्थींचे तीन वाटे केले. प्रत्येक उखळात एकेक वाटा, वर माझ्या हातून थोडे तांदूळ. मामा लाँचवरून चप्पल काढून खाली आले आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. वाऱ्यानं पाण्याची एक लाट पहिल्या जोत्यापर्यंत येऊन परत गेली.

आण्णांनी लोटी तिथल्याच पाण्यात विसळली, उपडी करून निथळली, आणि पिशवीत ठेवली.