पाऊण वाटी गूळ

"अगं, तुझ्या ब्लॉगवरच्या रेसिपी कार्डावरून २२ मोदक केले. सारण अगदीच अगोड झालं," सकाळी आतेबहिणीचा फोन. "गूळ पाऊण वाटीच ना?"

पाऊण वाटी ११ मोदकांना. २२ ला दीड.

गेल्या आठवड्यात ब्लॉगवरच्या माझ्या सगळ्या रेसिपी नव्या प्लगइनच्या (ब्लॉगला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमच्या) कार्डांत हलवल्या. फोटो, कृती, वेळ, सगळं जागच्या जागी आलं होतं. मोदकांची संख्या बदलली की कार्ड बाकीची प्रमाणं आपोआप बदलतं. आज ते कार्ड उघडून ११ चे २२ केले. खोबरं २ वाट्यांचं ४ झालं, पिठी १ ची २ झाली. गूळ मात्र तसाच. पाऊण.

नव्या कार्डात प्रमाणाचा रकाना वेगळा, जिन्नसाचा वेगळा. हलवताना आकडा दिसला तरच तो प्रमाणात जातो. 'पाऊण' त्याला आकडा वाटलाच नाही, म्हणून 'पाऊण वाटी गूळ' हे अख्खं जिन्नसाचं नाव होऊन बसलं. नावाची दुप्पट कशी होणार? फार वाईट वाटलं. तिने केवढ्या हौसेने केले होते मोदक!

मग सव्वा, दीड, अडीच शोधत बसले. चकली, अनारसे, पुरण, सगळीकडे तेच.

दुपारभर एकेक कार्ड उघडून १.२५, १.५, २.५ भरलं. मोदकांच्या गुळापुढे ०.७५ लिहिलं आणि हात थांबला. आई असं कधीच म्हणाली नसती. म्हणून खाली टीप घातली: '११ मोदकांना गूळ पाऊण वाटी.'

तुमच्याकडच्या मुलांना 'सव्वा वाटी' सांगितलं की कळतं का हो?