गव्हाची कोठी आणि हिरवी बाटली

पाडव्याच्या आधी आमच्याकडे दरवर्षी जी धांदल असते ती यंदाही होतीच, एकीकडे माळे काढलेले, गच्चीवर गहू वाळत घातलेले, त्यात गॅलरीच्या ग्रिलला ऑइलपेंट मारायला रंगारी आलेला. ऊन असं की सारखी तहान. आणि आमचं साडेतीन वर्षांचं शेंडेफळ दिसेल ती बाटली तोंडाला लावणारं.

गॅलरीच्या पायरीवर कोल्ड्रिंकची अर्धी हिरवी बाटली होती. आत ब्रश धुवायचं टर्पेंटाइन. एकच घोट घेतला त्याने आणि जो खोकत सुटला, की मी हातातला झाडू टाकून पळाले. वास आला आणि पोटात गोळाच आला माझ्या. सासूबाई तोवर स्वयंपाकघरातून मिठाचं पाणी घेऊन आल्या, उलटी काढू म्हणे. त्यांचंही चुकलं नाही हो, लहानपणापासून सगळ्यांनी हेच ऐकलंय. पण नशिबाने मी आधी डॉक्टरांना फोन लावला होता आणि ते जवळजवळ ओरडलेच, उलटी काढू नका, काही पाजू नका, तसेच उचलून घेऊन या.

नंतर त्यांनी समजावलं. रॉकेल, टर्पेंटाइन, थिनर हे पोटात गेलं त्यापेक्षा श्वासनलिकेतून फुफ्फुसात उतरलं की जास्त घात करतं, आणि उलटी करवली की ते परत वर येताना नेमकं तिकडेच जायची भीती. टॉयलेट क्लीनर, ॲसिड यांचंही तेच, उलटी करवायची नाही, कारण जाताना जे भाजलं ते येताना पुन्हा भाजतं.

पण मला खरी लाज वाटली ती दुसऱ्याच प्रश्नाला. डॉक्टरांनी विचारलं, बाटली आणलीत का? मी मोठ्या हुशारीने पुढे केली. त्यावर लेबल कशाचं, तर लिंबू-सोड्याचं! म्हणजे त्या लेबलाने आधी पोराला फसवलं आणि मग डॉक्टरांना. रंगाऱ्याला फोन करून विचारावं लागलं, अरे आत नक्की काय होतं, तर तो म्हणतो टर्पेंटाइन वहिनी, थिनर नाही. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, छातीचा एक्सरे काढला, सगळं ठीक निघालं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर डोक्यात एकच, आणखी काय काय बिननावाचं आहे घरात? आणि सापडलं ना. कोठीच्या बाजूला वर्तमानपत्राची पुडी, त्यात करड्या गोळ्या. सासऱ्यांनी बाजारातून सुट्या आणलेल्या, गव्हाला पोरकिडा लागू नये म्हणून. पुडीवर नाव नाही, काही नाही. ओळखीच्या एका कृषी दुकानदाराला फोटो पाठवला तर ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ही गोळी हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा फॉस्फिन वायू सोडते, किड्याला मारते ती गोळी नाही तर तो वायू, आणि माणसाला मारायलाही तोच पुरतो. त्याला उतारा नाही. बंद खोलीतून फटीफटीने शेजारच्या खोलीत जातो. आणि आमची कोठी कुठे, तर सासूसासरे झोपतात त्याच खोलीत!! मोठ्या गोदामात ताडपत्री घालून, माणसं बाहेर काढून, प्रशिक्षित लोकांनी वापरायची ही वस्तू, घरात आणायचीच नाही. तुमच्याकडे आधीच टाकलेली असेल तर पाणी मारू नका, उपसत बसू नका, दारंखिडक्या उघडा, सगळे बाहेर पडा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. कुणाला मळमळ, धाप, छातीत दाटल्यासारखं झालं तर ॲसिडिटी समजून सोडा पाजत बसू नका, सरळ १०८.

यंदा गहू दोन दिवस कडकडीत उन्हात, मग पूर्ण गार करून, कडुलिंबाचा वाळवलेला पाला घालून भरले. तूरडाळीला एरंडेल. डाळीत बिब्बे टाकायचं मात्र मी ठाम नाकारलं कारण बिब्बा उतला की कातडीवर काय फोड येतात ते मी माहेरी पाहिलंय.

फ्रिजवर आता दिल्लीच्या एम्सच्या विषबाधा केंद्राचा नंबर चिकटवलाय, १८०० ११६ ११७, फुकट आहे आणि चोवीस तास. फोन करताना वस्तूचं नाव, साधारण किती गेलं आणि किती वाजता, एवढं तयार ठेवा. ॲसिड, फिनेल वगैरे सगळं त्याच्या मूळ बाटलीत, कुलपाच्या कपाटात. डांबराच्या गोळ्या आणि देवघरातला कापूरसुद्धा वर गेला, दोन्ही पांढरं, दोन्ही पोराला खडीसाखरच वाटणार.

रंगारी परवा उरलेलं ग्रिल संपवायला आला. टर्पेंटाइनचा कंपनीचा सीलबंद डबा सासूबाईंनीच आणवून ठेवला होता. त्याने सवयीने विचारलं, वहिनी एखादी रिकामी बाटली आहे का? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई आतून, "नाहीये रे बाबा, आमच्याकडे बाटल्याच नसतात."