शेवटी सापडलं!

तीन आठवडे ताईचा पीसी मधूनच निळा स्क्रीन दाखवून बंद पडायचा. तिचा प्रबंध त्यातच, त्यामुळे जीव टांगणीला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा टाकला, तरी तेच. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधली ४१ नंबरची नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद झालं नाही. कारण सांगतच नाही. पण निळ्या स्क्रीनवर दर वेळी एरर कोड वेगळा यायचा, म्हणून रॅमवर, म्हणजे मेमरीवर संशय गेला. काल रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवला. सकाळी स्क्रीनवर एररच्या लाल ओळी! मग रॅमच्या ८ जीबीच्या दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये आळीपाळीने तपासल्या. एक ठणठणीत, दुसरी खराब. ती काढल्यापासून दिवसभर एकदाही बंद पडला नाही. ताईने आधी अख्खा प्रबंध पेन ड्राइव्हवर घेतला, मग चहा टाकला.