वर्षाला चार भोकं

आमच्या घरात वर्षाला सरासरी चार भोकं पडतात. एक फ्रेमसाठी, एक कॅलेंडरसाठी, उरलेली दोन चुकीच्या जागी. एवढ्या कारभाराला माझ्याकडे दोन ड्रिल आहेत.

थोरलं वायरवालं, 600 वॉटचं. वायर जुन्या परकराच्या नाडीने बांधून माळ्यावर. धाकटं बॅटरीवरचं, मेहुण्याच्या आग्रहाखातर घेतलेलं. "दाजी, वायरचा जमाना गेला." (बिनवायरचं ड्रिल ब्लॅक अँड डेकरने 1961 सालीच आणलंय; पण मेहुण्याचा जमाना गेल्या दिवाळीला सुरू होतो.) डब्यावर 20 व्होल्ट छापलेले. आत 3.6 व्होल्टचे पाच सेल, म्हणजे हिशेबाने 18. भरगच्च चार्ज असतानाचा आकडा छापायचा, स्थळाला पाठवायच्या फोटोसारखा.

आठवडाभर धाकट्याने घरातला एक स्क्रू सैल ठेवला नाही. गळ्याशी आकड्यांचं कडं असतं. ठरवलेला जोर लागला की ते कटकट वाजतं आणि स्क्रू पुढे फिरत नाही. थोरल्याला थांबणं ठाऊक नाही. कपाटाच्या बिजागरीच्या स्क्रूचं डोकं त्याने पार गुळगुळीत केलं होतं. मग धाकटं डब्यात गेलं आणि डबा माळ्यावर.

दीड वर्षाने, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, तोरणाच्या हूकसाठी ते खाली काढलं. खटका दाबला. हूं नाही की चूं नाही. चार्जरवर लाल दिवा नुसता मिचमिचत राहिला.

"बॅटरी पार तळाला गेलीय साहेब, आता चार्जर तिला घेतच नाही," दुकानदार म्हणाला. लिथियमची बॅटरी निम्मी भरून, थंड जागी ठेवायची आणि अधूनमधून तिची विचारपूस करायची असते. आमचा माळा स्लॅबला चिकटून. मे महिन्यात तिथे पापड वाळतील. नव्या बॅटरीची किंमत ऐकून मी फक्त तोरण घेऊन परतलो.

थोरल्याची नाडी सोडली. एक्स्टेन्शन बोर्ड, स्टूल, स्टूल धरायला मुलगा. दारावरचा लिंटल म्हणजे अस्सल काँक्रीट, तिथे धाकटं जिवंत असतं तरी घामाघूम झालं असतं. हॅमरची कळ फिरवली, 6 नंबरचा बिट लावला, भोकाखाली लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट चिकटपट्टीने डकवलं. खटका दाबताच मागच्या जाळीतून निळसर ठिणग्या आणि कार्बन ब्रशचा तोच करपट वास. कुठली विचारपूस नाही, काही नाही. गिट्टी ठोकली, हूक फिरवला. पाकिटात चमचाभर राखाडी भुकटी जमली होती.

मुलगा स्टूल सोडतोय तोच खालच्या मजल्यावरच्या काकूंची हाक आली. मला वाटलं, आवाजाची तक्रार.

"झालं का रे तुझं? आमच्याकडेही एक भोक आहे पाडायचं."

मी वायर गुंडाळलीच नाही. तशीच खांद्यावर टाकून जिना उतरलो.