गॅरेजचं शटर अडकलं तेव्हा पंचगंगा चढत होती

"निघालोच बघा, वैनी." तीन दिवसांत शटर दुरुस्तीच्या दुकानाला मी अकरा फोन केले आणि असलीच उत्तरं ऐकली. फोनमधले कॉल नंतर मोजले, म्हणून आकडा पक्का आहे. राग अजून गेलेला नाही, म्हणूनच लिहायला बसले.

आमचं घर कोल्हापुरात नागाळा पार्कात, खालच्या अंगाला. तळमजल्यावर गॅरेज आणि त्याला हातानं उचलायचं लोखंडी शटर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमची पहिली गाडी याच गॅरेजात बुडाली. सीटवर गाळाचा थर बसला होता. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आत शिरलं, पण गाडी आदल्या दिवशीच राजारामपुरीला नणंदेच्या दारात नेऊन लावली होती. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ असली तरी आमच्या घराचा आकडा ३५ आहे. पाणी पस्तिसावर आलं की गाडी हलवायची.

गेल्या जुलैत मंगळवारी सकाळी पाणी ३३ वर होतं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, म्हणून दोन फूट आधीच गाडी काढू म्हटलं. शटर गुडघ्याच्या वर आलं, शटर गुंडाळतं त्या वरच्या डब्यात खाट् असा मोठा आवाज झाला आणि हाताला एकदम वजन आलं. उजवी बाजू वर, डावी खाली, असं तिरकं होऊन शटर अडकलं. वर जाईना आणि खालीही येईना. नवरा कामासाठी हैदराबादला. घरी मी, बारावीतला मुलगा आणि सासरे, म्हणजे अण्णा. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते.

आधी घरी जे करता येतं ते केलं. लॉकच्या पट्ट्या दोन्ही टोकांना पूर्ण मागे सरल्यात का, ते पाहिलं. कितीतरी वेळा शटर नुसतं एका बाजूच्या लॉकमुळे अडतं. मग शटरच्या कडा ज्या खोबणीतून सरकतात, त्या दोन्ही बाजूंच्या गाईड तारेच्या ब्रशनं घासल्या. इतक्या वर्षांपूर्वीच्या पुराचा गाळ तिथं सिमेंटसारखा घट्ट बसला होता. सिलिकॉनचा स्प्रे मारला. ग्रीस भरू नका, त्याला धूळ चिकटून पुन्हा तोच गाळ तयार होतो. एवढं करूनही शटर तसूभर हललं नाही, कारण मूळ दोष गाईडमध्ये नव्हताच. त्या 'खाट्'चा अर्थ मला कळायला हवा होता. शटर दिवसेंदिवस जड होत गेलं, घासल्याचा आवाज आला, तर गाईड किंवा वाकलेली पट्टी बघायची. मोठा आवाज होऊन एका क्षणात जड झालं तर शटरचं वजन पेलणारी स्प्रिंग तुटली, आणि तिथं आपलं काम संपलं.

मुलगा खालून सरपटत आत जाऊन बघतो म्हणाला. मी त्याला दंडाला धरून मागं ओढलं. स्प्रिंग गेलेलं शटर कुठल्याही क्षणी खाली येऊ शकतं. आधी दोन्ही कडांखाली लाकडी ठोकळे सरकवले. पट्ट्यांच्या सांध्यात बोटं घालून शटर ओढायचं नाही, हेही तेव्हाच त्याला सांगितलं.

मग शटर दुरुस्तीच्या एका दुकानाला फोन केला. "तासाभरात माणूस पाठवतो," म्हणाले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. बारा वाजता "निघालोच". अडीचला "व्हीनस कॉर्नरला हाय". व्हीनस कॉर्नरहून आमच्या घरी चालत यायलासुद्धा अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. साडेपाचला कळलं की तो शिरोलीच्या कामावर अडकलाय. फोन ठेवला की मी गॅलरीत जायची, मोटारसायकलचा आवाज आला की जिन्यानं खाली धावायची. अण्णा सकाळीच म्हणाले होते, "उद्यमनगरात जा, तिथं माणूस मिळंल." अण्णांनी उभं आयुष्य उद्यमनगरात, त्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवर काढलंय. पण फोनवर काम होत असताना पावसात कशाला जा, असा विचार मी केला. चूक माझी होती.

बुधवारी पाणी ३५ वर. अकरा वाजता दुकानातून एक पोरगा आला. हातात पान्हा नाही, शिडी नाही. मोबाईलवर दोन फोटो काढले, आमचीच शिडी मागितली पण वर चढला नाही, आणि म्हणाला शटर पूर्ण बदलावं लागेल, अठ्ठावीस हजार. वरचा डबा उघडूनसुद्धा न बघता! मी म्हटलं, पट्ट्या धड आहेत, गाईड धड आहेत, मग सगळं कशासाठी बदलायचं? तेव्हा त्यानं मालकाला फोन लावला आणि सूर बदलला. स्प्रिंग बदलून चालेल, पण ती पुण्याहून मागवावी लागेल. येण्याचे तीनशे रुपये घेऊन तो गेला. ज्या गावात इंजिनांचे सुटे भाग ओततात आणि काततात, तिथं शटरची स्प्रिंग पुण्याहून येणार, यावर मी एक अख्खा दिवस विश्वास ठेवला. संध्याकाळपर्यंत दुकानाला चार फोन केले. प्रत्येक वेळी माल 'रस्त्यात' होता.

त्या रात्री झोप लागली नाही. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडल्याची बातमी मोबाईलवर आली होती. बारा वाजता मी शिडी लावली आणि डाव्या बाजूच्या ब्रॅकेटच्या बोल्टला पान्हा लावला. वाटलं, शटर ज्याच्याभोवती गुंडाळतं तो पाईप एका बाजूनं सोडला तर शटर सरळ होईल. शिडीच्या आवाजानं अण्णा उठले. डोळ्यावर हिरवं कापड, भिंत धरत खाली आले आणि एवढंच म्हणाले, "पोरी, एक स्प्रिंग तुटली असंल, पण दुसरी अजून वळवलेली हाय. बोल्ट सुटला की तिचा सगळा जोर तुझ्या हातावर निघंल." मी खाली उतरले. या सगळ्या लिहिण्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. पाईप, ब्रॅकेट, स्प्रिंगचा डबा यांच्या बोल्टला हात लावायचा नाही.

गुरुवारी पाणी ३६ च्या वर. शेजारचे दादा तालमीतली चार पोरं घेऊन आले. पोरं मनापासून आली होती आणि त्यांनी शटर उचललंही असतं. पण ते तिरकं होतं. ओढून वर नेलं असतं तर काय तुटलं असतं, सांगता येत नव्हतं. त्यांना चहा पाजून परत पाठवणं जिवावर आलं, पण पाठवलं. दुपारी तीनला त्या दुकानाला अकरावा फोन केला. "निघालोच बघा, वैनी." मी काही न बोलता फोन ठेवला आणि रिक्षानं उद्यमनगर गाठलं.

अण्णांनी सांगितलेल्या गल्लीत तिसऱ्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी आधी मला बसायला स्टूल दिलं आणि मग चार प्रश्न विचारले. शटर रुंदीला-उंचीला किती? आवाज झाला का? कुठली बाजू खाली आहे? वर स्प्रिंगचे डबे किती दिसतात? पहिल्या तिन्हींची उत्तरं माझ्याकडं होती. डबे मुलाला फोन करून टॉर्चनं मोजायला लावले. तुम्ही कुणालाही फोन कराल तेव्हा ही चार उत्तरं तयार ठेवा, आणि समोरच्यानं ती विचारलीच नाहीत तर दुसरा माणूस शोधा. मिस्त्री म्हणाले, "उद्या सात वाजता येतो." एवढंच.

शुक्रवारी सातला पाच मिनिटं कमी असताना ते दारात होते. बरोबर हाताखालचा एक गडी, दोन स्प्रिंगा, दोरखंड. काम अडीच तासांत झालं. डावी स्प्रिंग मधूनच तुटली होती. घड्याळाच्या चावीच्या स्प्रिंगसारखी ती पोलादी पट्टीची गुंडाळी असते आणि गंजानं तिला तिथंच खाल्लं होतं. शटरच्या ऐंशी-नव्वद किलो वजनातला मोठा वाटा या स्प्रिंगाच पेलतात, म्हणून एरवी ते एका हातानं उचलतं. उजवी तुटली नव्हती, तरी दोन्ही बदलल्या, नाहीतर पुन्हा एकीकडं ओढ बसली असती. डाव्या ब्रॅकेटचा एक बोल्ट निम्मा बाहेर आला होता. पोरांनी जोर लावला असता तर पाईपसकट सगळं खाली आलं असतं, असं मिस्त्री म्हणाले. ते ऐकून मी अण्णांकडं बघितलं. स्प्रिंगा, मजुरी, सगळे मिळून चार हजार दोनशे झाले.

पुण्यात माझ्या जावेकडं रिमोटचा दरवाजा आहे, तिच्यासाठी मिस्त्रींना मुद्दाम विचारून घेतलं. आधी विजेचं बटण बंद करायचं. मोटर सोडवायची दोरी असते, ती दरवाजा पूर्ण खाली असतानाच ओढायची. वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर दरवाजा धाडकन खाली येतो.

दहा वाजता मी गाडी बाहेर काढली. ताराराणी चौकातून वळसा घालून राजारामपुरीत नणंदेच्या दारात लावली तेव्हा पाणी ३८ ला टेकलं होतं. नणंदेनं पोहे पुढं ठेवले आणि मला एकदम रडू आलं.

जाण्याआधी मिस्त्रींनी एक खूण शिकवली होती. शटर कमरेपर्यंत उचलायचं, बाजूला उभं राहून हात सोडायचे. जागच्या जागी राहिलं तर ताण बरोबर. खाली घसरलं तर स्प्रिंग ढिली, आपोआप वर पळालं तर जास्त वळवलेली. दर महिन्याच्या एक तारखेला मी हे करते. या वेळी चार बोटं खाली आलं. मिस्त्रींना फोन केलाय. शनिवारी सातला येतो म्हणालेत.