देवकुंडाच्या अलीकडे

ताम्हिणी घाटात क्लच दाबताना डावा गुडघा कुरकुरायला लागला, तेव्हाच खरं तर गाडी वळवायला हवी होती. मी काही बोलले नाही. तीन महिने नुसता ठरत असलेला देवकुंड धबधब्याचा ट्रेक माझ्यामुळे मोडायला नको, आणि 'हिचं आता वय झालं' हे मैत्रिणींच्या तोंडून ऐकायची तयारीही नव्हती.

हे दुखणं जुनं. २०१८ मध्ये बॅडमिंटन खेळताना पाय जागेवर राहिला आणि अंग वळलं. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये मेनिस्कस नावाची गादी असते, ती फाटली. व्यायामाने सुधारलं, पण फाटलेला तुकडा कधी सांध्यात अडकला तर गुडघा सरळच होत नाही. गेली दोन वर्षं तो अडकला नव्हता, म्हणून मी त्याला विसरले होते.

विळ्याहून भिऱ्याकडे वळलो. पावसाळ्यात देवकुंडाला बहुतेक वेळा बंदी असते, कुंडात बुडून माणसं गेलीत. म्हणून आम्ही नोव्हेंबर धरला होता. गावातला वाटाड्या घेतला, पिठलं-भाकरीची ऑर्डर दिली आणि निघालो. सुरुवातीची वाट भिरा धरणाच्या पाण्याच्या कडेने जवळजवळ सपाट जाते. तिथे मी सगळ्यांच्या पुढे होते. मग झाडी दाट झाली, वाटेत दगड आले आणि एका ओढ्यात शेवाळलेल्या धोंड्यावरून डावा पाय इंचभर सरकला.

पडले नाही. नुसतं 'कट्' झालं. पुढचं पाऊल टाकायला गेले तर गुडघा वाकलेलाच. हाताने मांडी धरून हळूहळू हलवत पाय सरळ केला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. "झालं का?" वाटाड्यादादाने विचारलं. मी म्हटलं, "होईल, पाच मिनिटं द्या." त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, पुढच्या वाटेकडे पाहिलं. "ताई, पुढं निसते दगडं आहेत. तिथं अडकलात तर तुम्हाला उचलूनच आणायला लागंल. फिरायचं तर इथनंच फिरा."

इतकं सरळ मला कुणीतरी सकाळी पुण्यातच सांगायला हवं होतं. सांगणार कोण म्हणा, माहीत फक्त मलाच होतं.

मैत्रिणींना त्याच्याबरोबर पुढे पाठवलं. परत निघालेल्या एका ग्रुपच्या वाटाड्याने काठी दिली आणि त्यांच्या मागून लंगडत पाण्याच्या काठापर्यंत आले. तिथे एक मावशी ताक विकायला बसल्या होत्या. काय झालं ते सांगितलं, तर म्हणाल्या, "गुडघा धड नाही, तर आलीस कशाला?" उत्तर नव्हतं. दोन ग्लास ताक प्यायले आणि गार पाण्याची बाटली गुडघ्याला लावून बसले.

समोरचं पाणी बघत तीन तास काढले. वरची मुळा नदी खरं तर पूर्वेला जाणारी, तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जायचं. मुळशीला धरण बांधून टाटांनी ते उलटं वळवलं, सह्याद्रीवरून खाली सोडलं आणि १९२७ पासून भिऱ्याला त्यावर वीज होते. त्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह केला, तो १९२१ मध्ये सुरू झालेला. सकाळी येताना मुळशीच्या त्याच जलाशयाच्या कडेने आम्ही गाणी लावून आलो होतो. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग होतं, तेही इथून सोडलेल्या पाण्यावरच. कुंडावर गेले असते तर यातलं काही डोक्यात आलं नसतं. पण कुंड बघायचं होतं, हेही तितकंच खरं.

मैत्रिणी भिजून, खिदळत परतल्या. मला बघून एकदम गप्प झाल्या, ते मात्र नको होतं. "सकाळपासून दुखत होतं ना?" एकीने विचारलं. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

परतताना क्लच दाबणं शक्यच नव्हतं. जिला लायसन्स मिळून जेमतेम चार महिने झालेत, तिने अख्खा ताम्हिणी वीसच्या वेगाने चढवला. मागे हॉर्नची जत्रा. मी मागच्या सीटवर पाय लांब करून प्रत्येक वळणाला "दुसरा टाक, दुसरा!" ओरडत होते आणि डावा पाय आपोआप नसलेला क्लच दाबत होता.